तांबी

हुपरीत चांदी घरोघर.
मी पैंजणाला घुंगरं जोडतो,
फुंकणी तोंडात, ज्योत बोटाएवढी,
टाकणखार पाण्यात कालवून लावायचा
मगच डाक धरतो.

टाकणखाराचा डबा पत्र्याचा, पूर्वी बिस्किटाचा व्हता.
त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत न्हाई
म्हणून कार्ड तळाला ठेवलेलं,
पिशवीत गुंडाळून, दहा वर्सं.
वर माझं नाव. बसवल्याची तारीख.
खाली काढायची तारीख,
मुजावर सिस्टरच्या निळ्या पेनानं.

त्या वक्ताला रसिका पाच वर्सांची, धाकटी अंगावर पीत व्हती,
आणि मधलं एक, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं.
सिस्टर म्हणाल्या, तांब्याची असती, एवढुशी,
दुखंल थोडं, श्वास सोड.
मी म्हणालो, मला डाक कळतो सिस्टर,
धातू कुठं धरतो, कुठं सोडतो.
त्या हसल्या.
माझ्या मांड्या थरथरत व्हत्या, तरी मी बी हसलो.
घरी येऊन दुपारी चार जोड पुरे केले.

सासूबाईंनी नातवासाठी ज्योतिबाचे खेटे बोलले.
माघातले पाच रविवार
मी त्यांच्या मागनं डोंगर चढलो,
गुलाल केसात, खोबरं तोंडात.
त्या मागायच्या. मी हात जोडायचो
आणि मनात म्हणायचो,
देवा, ठाऊक हाय ते तुला, मला आणि सिस्टरला.
देवानं कुणाला सांगितलं न्हाई.

ह्यांना ठाऊक व्हतं का, ते मला अजून ठाऊक न्हाई.
एकदा रात्री म्हणाले, दोघी बास हायत,
आणि कुशीवर वळले.

गेल्या मंगळवारी रसिकाला
शाळेच्या प्रयोगाला चिमूटभर टाकणखार पायजे व्हता.
मम्मी, हे काय गं?
मी फुंकणी खाली ठेवली.
बोलाय तोंड उघडलं तर नुसती फुंकच आली.
तिनंच वाचलं. बोटांवर मोजलं.
अगं, चार म्हैनं वर झाल्यात की. चल.

बाजारातनं गेलो, ती पुढं, मी पदर सावरत मागं.
पाटलाच्या सुनेनं इचारलं, कुठं दोघी?
मी म्हणणार व्हतो, चप्पल घ्यायला.
रसिका म्हणाली, दवाखान्यात.
एवढंच. आणि थांबली बी न्हाई.

सिस्टरना आता चष्मा.
माझं कार्ड बघितलं, मग तिच्याकडं बघितलं.
आणि तुझं काय?
पोरीनं माझ्याकडं मान वळवली.
आईकडं नगं. मला सांग.

दुखतं. दोन दिवस उभं ऱ्हाता येत न्हाई.
मेडिकलमधनं गोळ्या आणतो. वर्स झालं.

वर्स झालं.
एका ताटात जेवतो आम्ही.
पोरीचाबी एक डबा व्हता म्हणायचा,
मीच कधी हात लावला न्हवता.

सिस्टर म्हणाल्या, तू भाईर बस जरा.
मी बाकड्यावर बसलो. समोर भिंतीवर
हसणाऱ्या बाईचं चित्र, कोपरा सुटलेला.
वीस मिनिटं दार बंद.
एकदा आतनं हसल्याचा आवाज आला.
काय बोलल्या ते मी इचारलं न्हाई,
पण लई वाटलं इचारावं.

मग माझी पाळी.
ट्रेमध्ये काढून ठेवली तवा मी बघितली.
काळी पडलेली. हातात घेऊन तोलावी वाटली,
सवय हाय हाताला.
नवी बसवायची का? म्हणाल्या.
अडतीस वय माझं. कुणाला इचारून येतो म्हणायची
तीबी सवय हाय तोंडाला.
म्हणालो, बसवा.

नवं कार्ड कोरं करकरीत हाय.
डब्यात ठेवू का टीव्हीवर, लाइट बिलाच्या शेजारी?
अजून ब्लाउजमध्येच हाय.
घामानं शाई पसरायच्या आत
ठरवाय पायजे.